परत यायला काय ठेवलंय

माझ्या दोघा पिल्लांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं, जन्मभर तेच शिकवलं. पण इंग्रजी लिहायला बसले की मी वर्गात उभी असल्यासारखी होते, आणि ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी नाही. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. वाचता वाचता ती थांबली तर तिला घाई करू नका.

आत्ताच का लिहिते, तेही सांगते. मागच्या रविवारी फोनवर मोठीने मला विचारलं, "आजी, बाळ झालं तेव्हा तू का नाही आलीस? सगळ्यांच्या आज्या येतात." तू रागावून विचारलं नव्हतंस. चित्र काढत होतीस आणि निळा खडू शोधत होतीस. तुझ्या आईने फोन पटकन आपल्याकडे वळवला आणि मेथीच्या भाजीत दाणे कधी घालायचे ते विचारलं. मी ते सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला दुसरं काम सुचलं नाही.

शिवाय पुढच्या महिन्यात आजोबांना आणि मला मुंबईला जायचं आहे. व्हिसाच्या ज्या खिडकीपुढे आम्ही एकदा उभे राहिलो होतो, तिच्यापुढेच पुन्हा. मला भीती वाटते. खिडकी हो म्हणो की नाही, त्याआधी हे लिहून झालेलं बरं.

तुमची आई आमची एकुलती एक. मी सेलूच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, आजोबा वर्ध्याला पाटबंधारे खात्यात होते. केळझरच्या अलीकडे आमचं गाव, तिथून दोघंही एसटीने जात-येत असू. तुमचे बाबा लग्नाआधीच तिकडे परदेशात जाऊन राहिले होते. लग्न झालं, आणि नवऱ्याच्या नात्याने तुमची आईही तिकडे गेली. तिला निरोप देताना मी सगळ्या आयांसारखी रडले, पण घाबरले नव्हते. सासर लांब असलं तरी तिथे जाता येतं, एवढंच मला माहीत होतं. तुमच्या आईच्या जन्माच्या वेळी माझी आई तळेगावहून दोन गाड्या बदलून आली होती, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा धरून. ती का आली आणि परत केव्हा जाणार, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

मोठीचा जन्म झाला तेव्हा तुमची दुसरी आजी, म्हणजे बाबांची आई, तिकडे होती. पुढे ती वारली. धाकट्याच्या वेळी पाळी माझी होती.

तुमची आई फोनवर नेहमी चेहराच दाखवायची. तेव्हा मोठी चार वर्षांची होती. एकदा तिने फोन पळवला आणि घरभर धावली, आणि मला क्षणभर तुमच्या आईचे पाय दिसले. बोट दाबलं तर खळगा राहील असे.

"पायात कुणाच्या चपला आहेत गं?" मी विचारलं.

"यांच्या," ती म्हणाली. "माझ्या होत नाहीत आता."

मग तिने सांगितलं की रक्तदाब वाढतो आहे, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत, काळजी करू नकोस. माझी एक मावशी बाळंतपणात झटके येऊन गेली होती. आमच्या घरी तिचं नाव कुणी काढत नसे, पण कुणा गर्भार बाईच्या पायावर सूज दिसली की माझी आई एकदम गप्प व्हायची. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी तशीच गप्प झाले. आजोबांनी मला दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही.

तिलाच इकडे बोलवावं, तर तिच्या कायम राहण्याच्या कागदांवर अजून निर्णय व्हायचा होता. आत्ता देश सोडलात तर पुन्हा आत येता येईलच असं सांगता येत नाही, असं वकिलाने तिला बजावलं होतं. म्हणजे ती निघू शकत नव्हती. तेव्हा आम्हीच जायचं ठरवलं.

वर्ध्याला व्हिसाचे अर्ज भरून देणारा एक जण होता. त्याने मला खुर्ची दिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, फिराले जाऊन राह्यलो म्हना. बाळंतपनाचं नाव काढू नोका. त्याईले वाटते, बुढी कामाले येऊन राह्यली."

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं.

"मंग देवाचं नाव घेऊन जा," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

माझी सगळी भीती त्या एका उत्तरापाशी जाऊन बसली. कशासाठी जाता, असं विचारतील; मी खरं सांगेन; ते नाही म्हणतील. बाकी कुठल्या प्रश्नाची मला भीती नव्हती, कारण बाकीचं सगळं आम्ही चोख करून ठेवलं होतं.

ते काय केलं होतं, हे तुम्हाला नीट सांगायला हवं.

आजोबांच्या घराण्यात लांबच्या प्रवासाला निघण्याची एक रीत आहे. त्यांची आजी उत्तरेकडच्या यात्रेला निघाली तेव्हा तिने धान्याच्या कोठीची किल्ली सुनेच्या हातात दिली, तांब्याची भांडी लेकींना वाटली, नथ नातीला घातली, आणि गावात दारोदार जाऊन, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणून आली. मग यात्रेहून धडधाकट परत आली आणि पुढे कित्येक वर्षं गुळाच्या खड्यासाठी सुनेकडे किल्ली मागत राहिली. घरात ही गोष्ट हसत हसत सांगतात, पण रीत कुणी मोडत नाही. मागे काही अडकलेलं ठेवलं तर जीव मागे ओढतो, असं ते धरतात. आणि असं दिलेलं परत मागायचं नाही. याला आम्ही निरवानिरव म्हणतो. मला ही रीत लग्न होऊन आले तेव्हापासून आवडत आली आहे. मला कुठलंही काम अर्धं ठेवलेलं खपत नाही, तुमच्या आईला विचारा.

तेव्हा आम्ही निरवानिरव केली. घर आधीच तुमच्या आईच्या नावावर केलेलं होतं. शेत आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं सामाईक होतं. भाऊ गेल्यापासून त्याचा मुलगाच ते कसत होता. आजोबांनी सेलूला जाऊन आपला हक्क त्याच्या नावे सोडून दिला. तुळशीचं वृंदावन शेजारी उचलून दिलं. मोठी पातेली महिला मंडळाला दिली. गाय मागच्या गल्लीतल्या बाईला दिली. ती रोज येऊन गोठा काढायची, धार काढायची. गाय आमच्यापेक्षा तिचंच जास्त ऐकायची.

"आता मंगळसूत्र कोनाले देता बाई?" शेजारीण भिंतीवरून म्हणाली.

"ते तुझ्या भावजींना विचार," मी म्हटलं, आणि आम्ही हसलो.

गाईचं दावं हातात घेताना मागच्या गल्लीतली बाई मात्र हसली नाही. "तुम्ही वापस येता न, बाई?"

"येते ना. सहा महिन्यांच्या आत."

"मंग गाय काऊन देऊन राह्यले?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे," मी म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला काही ते पटलं नाही.

पुतण्याने आमच्या बॅगा कापूस मोजायच्या काट्याला टांगून पाहिल्या. वजन जास्त भरलं म्हणून मी आजोबांचे दोन सदरे काढले आणि आळिवाचे लाडू तसेच राहू दिले. व्हिसा हातात नव्हता, पण बॅगा भरून झाल्या होत्या. मला तसंच लागतं.

मुंबईला आम्ही पहाटे पोचलो आणि त्या कचेरीबाहेर रांगेत उभे राहिलो. फोन आत नेता येत नाही, पाण्याची बाटली नेता येत नाही. रांगेत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या मुलीने घरून निघताना त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली असावीत, कारण ते ओठ हलवत होते. शाळेत तोंडी परीक्षेला बसलेली मुलं मी आयुष्यभर पाहिली. तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे असायचे. माझे तळहात ओले झाले होते. मी ते पदराला पुसले आणि आजोबांना दिसू नये म्हणून फाईल छातीशी धरली.

काचेपलीकडे एक तरुण बाई होती, तुमच्या आईच्या वयाची. तिने हसून विचारलं, दुभाष्या हवा का? मी म्हटलं, नको, मला इंग्रजी येतं. तिला बरं वाटलेलं दिसलं.

कशासाठी जायचंय? मुलीच्या बाळंतपणासाठी, मी म्हणाले. तिने नुसती मान हलवली आणि काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, तुमच्या मुलीची तब्येत बरी असो. मला वाटलं, संपलं. ज्याची भीती होती ते निघून गेलं. माझा आवाजसुद्धा मोकळा झाला.

इकडे तुमचं कोण आहे? पुतण्या आहे. मुलं? एकच मुलगी. घर कुणाच्या नावावर? मुलीच्या. जमीन? पुतण्याच्या नावे केली.

"कधी?"

"गेल्याच महिन्यात."

तिची बोटं थांबली. "गेल्या महिन्यात? का?"

आणि मी तिला समजावून सांगितलं. इतक्या नीट इंग्रजीत सांगितलं की माझ्या विद्यार्थिनीने असं उत्तर दिलं असतं तर मी तिची पाठ थोपटली असती. म्हटलं, निघण्यापूर्वी आम्ही सगळं मार्गी लावलं आहे. आमच्यावर कुणी अवलंबून नाही. मागे काहीही बाकी ठेवलेलं नाही.

मग तिने अगदी हळू विचारलं, "मग परत यायला काय ठेवलंय?"

आजोबांना तिचे उच्चार कळत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"विचारते आहे, परत यायला काय ठेवलंय," मी म्हटलं.

"सांग न तिले, घर हाये."

"घर आता आपलं नाही."

"मंग सांग, आपन तठचेच हाओ म्हन. दुसरीकडे कुठी जाऊ?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. आम्ही तिथलेच आहोत. इंग्रजीत ते अगदी लहान, पोकळ वाक्य झालं. तिने मान खाली घातली, पासपोर्ट परत सरकवले, त्यावर एक छापील कागद ठेवला आणि म्हणाली, या वेळी नाही जमणार. ती वाईट बाई नव्हती. तिच्या खुर्चीतून तिला दोन म्हातारी माणसं दिसली असतील, सगळं वाटून टाकून निघालेली, तिकडे एकुलती एक लेक असलेली. मी तिच्या जागी असते तर मलाही तेच दिसलं असतं.

बाहेर आल्यावर मी फुटपाथच्या कडेलाच बसले. व्हिसा गेला म्हणून नव्हे. डोळ्यांसमोर ते सुजलेले पाय आले आणि कळलं, आता तिच्याजवळ कुणी नाही.

वर्ध्याला उतरून गावात आलो तर पारावर बसलेल्यांनी विचारलं, "काऊन बावा, फॉरेन एवढ्यात पाहून झालं?"

"लहान हाये," आजोबा म्हणाले. "एका दिवसात झालं."

सगळे हसले. तेही हसले. घरात शिरल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर आम्ही आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहिलो. दुधाची पिशवी आणायला लागलो. गाय संध्याकाळी सवयीने आमच्या दाराशी येऊन उभी राहायची, आणि मागच्या गल्लीतली बाई ओशाळून तिला ओढून न्यायची. शेजारीण तुळस परत द्यायला आली होती, आजोबांनी हात जोडले. दिलेलं परत मागायचं नाही, तसं घ्यायचंही नाही. मी डब्यातल्या लाडवांना रोज ऊन दाखवत होते. एकही खाल्ला नाही, कुणाला दिलाही नाही. ते तुमच्या आईचे होते.

आता मोठीने नीट ऐकावं.

तुमच्याकडे मध्यरात्र होते तेव्हा आमच्याकडे ऊन असतं. त्या दुपारी आम्ही जेवून उठलो होतो. फोन वाजला, अनोळखी नंबर, व्हिडिओ. उचलला तर एक गोरी, वयस्क बाई, केस विस्कटलेले. तुमची शेजारीण होती ती. तुझ्या बाबांनी जाता जाता तिच्या हातात माझा नंबर दिला होता. ती म्हणाली, तुमच्या मुलीला दवाखान्यात नेलं आहे, ही मुलगी कुणाशीच बोलत नाही, तुम्ही बोलून पाहा. आणि तिने फोन तुझ्यासमोर धरला. झोपायच्या कपड्यांवर तू बाबांचं जाकीट घातलेलं होतंस. बाह्या खाली लोंबत होत्या.

"आजी," तू म्हणालीस, "आई खाली पडली. हलत होती. तिचे डोळे वर गेले."

मला कळलं. मावशीबद्दल घरात जे कधी बोललं गेलं नाही, ते चार वर्षांच्या मुलीने मला तीन वाक्यांत सांगितलं. आजोबा माझ्या मागे उभे होते. ते हळूच बाजूला सरकले, तुला दिसू नये म्हणून, आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

"ती मेली का?" तू विचारलंस.

"नाही," मी म्हटलं.

मला काहीच माहीत नव्हतं. पण मी इतक्या ठामपणे आयुष्यात दुसरं काही बोलले नसेन. आणि बोलताना आतून एकच भीती: हे खोटं निघालं तर ही मुलगी माझं कधीही काही खरं मानणार नाही.

मी तुला घर दाखवायला लागले. हा झोपाळा, तुझी आई यावरून पडली होती. हा पाटा. हा कावळा, रोज येतो, लबाड आहे. तू काहीच बोलत नव्हतीस, पण बघत होतीस. मग गोठा आला.

"गाय कुठे आहे?"

"मागच्या गल्लीत."

"मला गाय बघायची."

मी चपला न घालता निघाले. बाहेर फुफाटा तापलेला होता. माझ्या मागे आजोबा, हातात त्यांचा फोन घट्ट धरून, कारण तुझे बाबा त्यावर कळवतील असं तुमच्या शेजारणीने सांगितलं होतं. वाटेत रेंज गेली, चित्र थिजलं, तुझं तोंड अर्धं उघडं राहिलेलं. तेवढ्या वेळात मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. मग चित्र हललं.

मागच्या गल्लीतली बाई भांडी घासत होती. माझा चेहरा पाहून तिने काही विचारलं नाही. राखेचे हात तसेच ठेवून तिने गाईचं तोंड फोनकडे वळवलं.

"पाह्य माय, पाह्य, ही तुझी मावशीच हाये," ती तुला म्हणाली. गाईने जीभ बाहेर काढून फोन चाटला. आणि तू हसलीस. सगळा पडदा ओला झाला आणि त्याच्या पलीकडून तू हसत होतीस.

मग तू गाईकडे पाहत पडून राहिलीस. तुझी शेजारीण मागे बसली होती. मी गोठ्यात फोन धरून उभी, हाताला रग लागली तरी हलले नाही. गाय रवंथ करत होती. तुझे डोळे मिटत गेले. बॅटरी संपत आल्याची लाल खूण दिसत होती. मला वाटलं, ही झोपेपर्यंत टिकू दे, आणि ती टिकली.

तू झोपल्यावर थोड्या वेळाने आजोबांचा फोन वाजला. ते फोनकडे पाहत राहिले. "तू घे," म्हणाले. "माह्याच्यानं नाई होत."

तुझे बाबा होते. ऑपरेशन झालं. मुलगा झाला, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवला आहे. आई अजून शुद्धीवर नाही. एवढं सांगून त्यांचा आवाज बंद झाला. लाइन चालू होती, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "जावईबापू, बसा कुठेतरी. पाणी प्या." याहून जास्त सासूला काय सांगता येतं.

आम्ही घरी गेलोच नाही. त्या बाईने बाज टाकून दिली आणि चहा केला. आजोबांनी कप हातात धरला, प्याले नाहीत. ऊन भिंतीवरून उतरलं, शेतातून माणसं परतायला लागली, आणि मग पुन्हा फोन आला. तिने डोळे उघडले होते. पहिल्यांदा विचारलं ते तुझ्याबद्दल, ती कुणाजवळ आहे म्हणून. तुझे बाबा म्हणाले, आईंजवळ आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: मला येऊ दिलं नाही. पण तो सगळा वेळ तू माझ्याजवळ होतीस. तुला आठवत नाही. मला आठवतं.

यानंतर सगळं सोपं झालं असं समजू नका. काही दिवसांनी पुतण्या आला. तो आजोबांना मोठेबाबा म्हणतो, मला मोठी आई.

"मोठेबाबा, सातबाऱ्यावर तुमचं नाव चढवून घेऊ पुन्हा. शेत तं तुमचंच हाये. मले काई नोको."

"दिलं थे दिलं," आजोबा म्हणाले.

"मोठी आई, तुम्ही तरी सांगा न याईले."

मी सांगितलं. चांगलं ओरडून सांगितलं. रीत मोठी की लेक, असं विचारलं. गल्लीत ऐकू गेलं असेल.

आजोबांनी दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "आता नाव चढवलं तं थे बाई म्हनन, हे खिडकीसाठी केलं. आन तिचं खरंच राहीन. मी थ्या खिडकीत खोटा पडाले नाई जाऊन राह्यलो." त्यानंतर तीन वर्षं त्यांनी पुन्हा अर्ज करायचं नाव काढू दिलं नाही. मी त्यांच्यावर रागावलेलीच होते, आणि रागावलेली असतानाही मला कळत होतं की त्यांना तिथे उभं राहण्याची भीती वाटते. माझ्याइतकीच.

त्याच वर्षी गाय व्याली. कालवड झाली. ती दूध तोडून चारा खायला लागली तशी मागच्या गल्लीतली बाई तिला दाव्याने ओढत आमच्या दाराशी घेऊन आली.

"हे काय?" आजोबा म्हणाले. "आमी दिलेलं परत घेत नाई."

"तुमाले कोन देऊन राह्यलं?" ती म्हणाली. "थ्या दिवशी पोरगी हिच्या मायले पाहून निजली. ही तिची हाये. तुमी फक्त सांभाळा. आली की तिले देजा."

आजोबांनी रिकाम्या गोठ्यातल्या खुंटीवरून जुनं दावं काढलं आणि कालवडीच्या गळ्यात बांधलं.

या वर्षी एसटी स्टँडवर आजोबांना चक्कर आली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली, गोळ्या दिल्या, जड उचलू नका म्हणाले. तुमच्या आईला मी दोन दिवसांनी सांगितलं. तिने गोळ्यांची नावं दोनदा विचारून लिहून घेतली. तिचे कागद अजून पूर्ण झालेले नाहीत. वकील अजूनही, आत्ता निघू नका, दिवस बरे नाहीत, असंच सांगतो. मला तेव्हा पहिल्यांदा उलटी भीती वाटली. आजवर मी घाबरत होते की तिला काही झालं तर मी पोचणार नाही. आता वाटतं, आम्हाला काही झालं तर ती पोचणार नाही, आणि मग ती उरलेलं आयुष्य तो हिशेब मनात घेऊन काढेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा स्वतःहून म्हणाले, "जाऊन पाहू एकदा खिडकीत."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. नाही म्हणतील याची भीती आहेच. हो म्हणाले तर एवढा प्रवास आजोबांना झेपेल का, ही दुसरी. आणि ती बाई, किंवा तिच्या जागी दुसरं कुणी, तोच प्रश्न विचारेल. मी आरशासमोर उत्तर म्हणून पाहते आणि मध्येच अडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. घर आमच्या नावावर नाही. शेत नाही. कालवड एका परदेशी राहणाऱ्या मुलीची आहे. हे सगळं खरं आहे, आणि खरंच सांगायचं आहे.

या वेळी निरवानिरव करायची नाही, असं आजोबांनी ठरवलं आहे. फाटकाची कडी निखळली आहे, ती दुरुस्त करू देत नाहीत. तूर निवडून अर्धी झाली आहे, अर्धी सुपात तशीच आहे. वाचनालयाचं पुस्तक परत करायचं राहिलं आहे. मी कडीकडे पाहते आणि माझे हात शिवशिवतात.

"राहू दे," ते म्हणतात. "आल्यावर करू."

या वेळी बॅगाही मी भरल्या नाहीत.

तुमची आई जिवंत आहे. तुम्ही दोघं आहात. आजोबा सकाळच्या गोळ्या घेऊन पेपर वाचत बसले आहेत. कालवड मोठी झाली आहे, गाभण आहे, संध्याकाळी दारात येऊन हंबरते. विहिरीला पाणी आहे. मी आहे.

तुमची आजी